दौलतरावांच्या कूलरला वाचा फुटली

भिलाईच्या सेक्टर सातमध्ये दौलतराव निखाडे दोन गोष्टींसाठी ओळखले जात. पहिली, त्यांनी सगळी नोकरी पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये तयार रुळांवर डोळा लावून काढली होती. रूळ केसभर वाकडा दिसला की ते तो बाजूला काढत आणि कसा वाकडा आहे ते चार माणसांना बोलावून दाखवत. दुसरी, त्यांनी एक नाटक लिहिलं होतं. एकच. पण एकुलत्या एका लेकराला जपावं तसं त्यांनी ते इतकं जपलं, की बिचाऱ्याला अंगणाबाहेर खेळायला कधी सोडलंच नाही.

नाटकाचं नाव ‘हवा कोणाची?’. गोष्ट साधी. भिंतीला भिंत लागून दोन क्वार्टर. एकात बापूराव नावाचे शिस्तीचे गृहस्थ. मे महिन्यात ते कूलर आणतात, खिडकीत बसवतात, आणि मग त्यांच्या ध्यानात येतं की मधल्या भिंतीतल्या झरोक्यातून निम्मी गार हवा शेजाऱ्याच्या घरात चाललीय. शेजारी झरोक्याखाली खाट टाकून दुपारभर घोरतो. तिथून जे भांडण पेटतं ते नाटकभर विझत नाही. शेवटी शेजारी हात जोडतो आणि बापूराव रंगमंचाच्या मधोमध उभे राहून स्वावलंबनावर तीन पानांचं भाषण देतात.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात हे नाटक बऱ्याच वेळा झालं. लोक हसायचे. भाषण सुरू झालं की मात्र एकेक जण उठून मांडवाबाहेर जायचा. दौलतरावांची समजूत अशी, की बापूरावांचे शब्द काळजाला भिडतात, डोळे भरून येतात, आणि चारचौघांत डोळे पुसायला लाज वाटते म्हणून लोक बाहेर पडतात. बाहेर चहाचा ठेला होता, हा त्यांच्या लेखी निव्वळ योगायोग.

तालमीत त्यांचा असा वचक, की नट मंडळी स्वल्पविरामाला थांबायची आणि पूर्णविरामाला श्वास घ्यायची. एका वर्षी प्रयोगाच्या ऐन भरात शेजारी झालेल्या नटाच्या तोंडून एक जादाचं “बाप्पा!” निघून गेलं. दौलतराव प्रेक्षकांतून उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “हे वाक्य पुन्हा घ्या.” नटानं घेतलं. सबंध मांडवानं पुन्हा ऐकलं.

राजनांदगावच्या एका मंडळानं एकदा हे नाटक करायला मागितलं होतं. त्यांची तिथे कापडाची दुकानं. क्वार्टरऐवजी दोन दुकानं दाखवली तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. दौलतराव म्हणाले, “नाटक क्वार्टरचं आहे. दुकानात व्हणार नाई.” झालं. राजनांदगावात ते कधीच झालं नाही. मग भिलाईतही व्हायचं थांबलं. जुने नट कुणी नागपूरला गेले, कुणी मुलाकडे पुण्याला. नवी पोरं घरात आईशी मराठी बोलायची आणि दारातून पाय बाहेर टाकला की हिंदी. त्यांना संहिता वाचायला दिली तर ती अक्षरांवरून बोट फिरवत बसायची.

दौलतरावांची मुलगी भूमिका रायपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. शनिवारी लोकलनं घरी यायची. बापाला नाटकाचा नाद म्हणून मुलीचं नाव भूमिका. तिला स्वतःला रंगमंचाची भयंकर भीती वाटे, हा भाग वेगळा. दौलतराव रिटायर झाले आणि दिवसभर घरातल्या पडद्यांच्या दांड्या सरळ आहेत की वाकड्या ते पाहू लागले, तेव्हा आई दुर्गाबाई तिला फोनवर म्हणाली, “बाई, याहिले काईतरी कामाले लाव. मले माह्याच घरात मोजमाप झाल्यासारखं वाटून राहिलं.”

भूमिकानं नाटकाची जुनी प्रत कपाटातून काढली. झेरॉक्सवरची झेरॉक्स, कूलर या शब्दातला ‘र’ सगळीकडे उडालेला. तीन-चार रविवार बसून तिनं ती टाइप केली, दौलतरावांनी प्रत्येक अनुस्वार तपासला, आणि काम संपल्यावर ती म्हणाली, “बाबा, आता हे नेटवर टाकू. मोकळ्या परवान्यानं.”

“मोकळा म्हंजे?”

“म्हणजे आपण आधीच लिहून ठेवायचं, की ज्याला हे नाटक करायचं त्यानं करावं. दुसऱ्या भाषेत न्यायचं तर न्यावं, बदलायचं तर बदलावं. विचारायला यायची गरज नाही.”

“वा! म्हंजे दाराले कुलूप नाई लावायचं अन् वरून पाटी लावायची, की मालक घरी नाई.”

“मालक घरीच आहे, बाबा. हक्क तुमचाच राहतो. आपण फक्त म्हणून राहिलो, या, बसा, जेवा. अटी दोनच. मूळ नाटक दौलतराव निखाडेचं असं सांगायचं, आणि कुठं काय बदललं तेही सांगायचं, ही एक. अन् तुम्ही बदलून जे नवीन कराल तेही असंच मोकळं ठेवायचं, ही दुसरी.”

दौलतरावांना पहिली अट आवडली. “नाव मोठ्या अक्षरात पाह्यजे,” ते म्हणाले. “पण बदलाचं मले नाई जमत. बदलू नोका असा परवाना नसते का?”

“असतो. पण मग छत्तीसगढीत कोण करणार? भाषांतर म्हणजे बदलच आहे ना.”

दौलतरावांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर आपल्या अटी लिहून दिल्या. बापूराव पांढऱ्या सदऱ्यातच हवेत. कूलर खरा हवा, खोक्याचा चालणार नाही. शेवटचं भाषण बसून म्हणू नये, आणि ते चालू असताना चहा देऊ नये. भूमिकानं वाचलं आणि हसू दाबत म्हणाली, “बाबा, हा परवाना नाही झाला. हा तर प्लांटचा गेटपास झाला.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दुर्गाबाई बाहेर आल्या. हातात पीठ, डोळ्यांत चमक. “नावाचं चाललं हाये का? मंग माहं बी टाकजो.”

“तुहं कावून?” दौलतराव दचकले.

“‘तुमच्या कूलरची हवा आमच्या घरात येते, त आमच्या फोडणीचा वास बी तुमच्या घरात जाते, त्याचं बिल कोणाले देऊ?’ हे कोण बोललं होतं? बापूरावची शेजारीण? थे म्या बोलली होती. शेजारच्या मिश्राइनबाईले. अन् तुमी दाराआडून आयकून राहिले होते.”

“तू बोलली. लिवलं म्या.”

“अन् म्या बोललीच नसती, त काय लिवलं असतं? कपाळ?”

भूमिकानं यात पडायचं नाही असं ठरवून कॉम्प्युटरकडे तोंड केलं. तिथूनच तिनं एक प्रश्न विचारला, “बाबा, शेवटचा प्रयोग कधी झाला होता?”

दौलतराव आठवू लागले. बराच वेळ आठवत राहिले. मग त्यांनी विजेचं बिल घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “टाक.”

त्यानंतर रोज सकाळी अंघोळीच्या आधी नाटक किती जणांनी पाहिलं ते उघडून बघायचं, हा त्यांचा नेम झाला. आकडा वाढला की ते खूश. पुढे भूमिकानं सांगितलं, की तुम्ही उघडता तेही त्यात धरलं जातं. त्या दिवसापासून त्यांनी उघडायचं बंद केलं, आकडाही थांबला. मग ते नाटक विसरले म्हणा, किंवा विसरल्यासारखं दाखवू लागले.

उन्हाळा तोंडावर आला होता. एका दुपारी मंडळाचे अध्यक्ष पंजाबराव यांनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. पंजाबराव म्हणजे प्रत्येक प्रयोगातले बापूराव. आवाज भरदार, आणि ते तीन पानी भाषण झोपेतही तोंडपाठ. फोटो एका पोस्टरचा होता: जवळच्याच चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत, इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये, शनिवारी संध्याकाळी छत्तीसगढी नाटक ‘हवा काकर?’. खाली ठळक अक्षरांत, ‘मूळ मराठी नाटक: दौलतराव निखाडे’. आणि त्याखाली, ‘छत्तीसगढी रूपांतर: रेणू साहू. मूळ नाटकात बदल केले आहेत. हे रूपांतरही कुणीही करू शकतो, नाव देऊन, याच अटींवर.’

दौलतरावांनी आपलं नाव दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. दुर्गाबाईंना दाखवलं. शेजारच्या क्वार्टरमध्ये नेऊन दाखवलं. घरी येऊन पुन्हा मोठं करायला गेले, तेव्हा बोट जरा वर सरकलं आणि पोस्टरवरचं चित्र मोठं झालं. एक जाडजूड माणूस. अंगाला चारी बाजूंनी कूलरला असते तशी गवताची खस बांधलेली. पोटावर जाळी. कपाळावर पाण्याची तोटी. शेजारी लिहिलेलं, ‘कूलर के रोल म गार्ड साहब’. आणि त्याच्या बाजूला पदर खोचून उभी असलेली एक सासू. बापूरावांचा कुठे पत्ता नाही.

“बापूरावची सासू करून टाकली!” दौलतराव ओरडले. “अन् कूलर बोलून राहिला! माह्या कूलरले एक बी संवाद नाई!”

त्यांनी लगेच रायपूरला फोन लावला. “परवाना वापस घे.”

“वापस नाही घेता येत, बाबा. साइटवरून काढता येईल, पण ज्यांनी घेतलं त्यांचा हक्क जात नाही. दिलं ते दिलं.”

“हे तू मले तवा कावून नाई सांगितलं?”

“सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा नाव किती मोठं ठेवायचं ते सांगून राहिले होते.”

भूमिकाला वाईट वाटलं असावं, ती म्हणाली, “एक करता येतं. हे रूपांतर आवडलं नाही तर तुमचं नाव काढायला सांगू शकता. ते तुमच्या हातात आहे. सांगितलं तर त्यांना काढावं लागेल.”

म्हणजे सगळी सत्ता गेली आणि एकच उरली: आपलं नाव आपल्याच हातानं पुसायची. दौलतराव दोन दिवस याच विचारात होते. जेवताना मधेच घास हातात धरून म्हणायचे, “काढतोच नाव.” दुर्गाबाई म्हणायच्या, “काढा. भाजी वाढू का?”

शनिवारी त्यांनी स्कूटर काढली. नाटक स्वतः पाहायचं, कुठे कुठे वाट लावलीय ते डोळ्यांनी टिपायचं आणि पडदा पडला की रेणू साहूंना ‘माझं नाव काढा’ म्हणून तोंडावर सांगायचं, असं ठरलं होतं. दुर्गाबाई नवी साडी नेसून मागे बसल्या. “तू कावून?” या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं, “माही फोडणी छत्तीसगढीत कशी लागते, थे पाहाले.”

हॉल भरलेला होता. यार्डातून सुटून थेट आलेली माणसं, बायका, लेकरं, शेंगदाण्याच्या पुड्या. दौलतराव मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले. हसायचं नाही असा त्यांनी पण केला होता. खबरदारी म्हणून रुमाल हातात घट्ट धरला. सुरुवातीलाच एका मुलीनं माईकवर सांगितलं, “ये नाटक मूल रूप से मराठी में सेक्टर सात के दौलतराव निखारे जी ने लिखा है।”

“निखारे!” दौलतराव तोंडातल्या तोंडात म्हणाले. “नाव बी वाकडं.”

पडदा उघडला. खिडकीच्या चौकटीत गार्डसाहेब कूलर होऊन बसले होते. हे गृहस्थ मालगाडीवर गार्ड आणि रेणू साहूंचे नवरे. सासूनं त्यांच्या कानाला हात लावून बटण दाबलं. “घर्रर्रर्र...” असा जो आवाज त्यांनी काढला, तो जुन्या कूलरचा हुबेहूब. मधेच खडखड, मधेच पाणी संपल्यासारखा कोरडा घसा. दौलतरावांना खोकला आला. खोकला म्हणजे ते हसू होतं, पण त्यांनी ते रुमालात खोकल्यासारखं काढलं.

मग त्यांच्या ध्यानात आलं, की या बाईनं काय केलंय. कूलर खिडकीत बसून सासूच्या घरातलंही ऐकतो आणि झरोक्यातून शेजारच्या घरातलंही. बटण चालू झालं की त्याच्यानं राहवत नाही. घर्रर्र करता करता तो इकडचं तिकडे ओकून टाकतो. सासू शेजारणीला तोंडावर ‘बहिनी’ म्हणते आणि पाठीमागे काय म्हणते, ते कूलर सांगतो. शेजारी झरोका बोळा कोंबून बंद करतो असं सांगतो आणि प्रत्यक्षात तो हातभर मोठा करतो, तेही कूलर सांगतो. सासू घाईनं बटण बंद करते. पण उकाडा असा, की पुन्हा चालू केल्याशिवाय भागत नाही. हवा हवी तर चहाडी ऐका.

शेजारीण कमरेवर हात ठेवून पुढे आली. “तोर कूलर के हवा हमर घर आथे, त हमर बघार के महक घलो तोर घर जाथे! ओकर बिल कोन ला देबे?”

हॉल दणाणला. दुर्गाबाई उभ्याच राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. मागच्या बाईला म्हणाल्या, “वो डायलॉग मेरा है।” त्या बाईला ते खरं वाटलं नाही.

दौलतरावांचा रुमाल कधीच खाली पडला होता. शेवटी तर कमालच झाली. भांडण टिपेला पोहोचलं आणि वीज गेली. कूलर मान टाकून घोरू लागला. दोन्ही घरं बाहेर रस्त्यावर येऊन बसली, आणि सासू हातपंख्यानं वारा घेता घेता, आपल्या नकळत, शेजारणीलाही वारा घालू लागली. भाषण नव्हतं. पडदा पडला. एकही माणूस चहा प्यायला उठला नव्हता.

दुर्गाबाईंना घेऊन आत विंगेत जाऊन दौलतरावांनी आपलं नाव सांगितलं, तशी रेणू साहू धावत आल्या आणि पाया पडल्या. चरोद्याच्या यार्डात ऑफिसचं काम करणारी चाळिशीची बाई. कपाळावर घाम, पदर अजून खोचलेला. सासू त्याच होत्या. “सर, आप आए! बुरा मत मानिएगा, वो आखिर का भाषण काट दिया। पहले शो में पूरा बोला था मैंने। बहुत अच्छा लिखा है। पर आधे लोग चाय पीने चले गए।”

“चाय पीने?”

“हाँ सर। बाहर ठेला लगता है ना।”

इतक्या वर्षांचे सगळे गणेशोत्सव दौलतरावांच्या डोळ्यांपुढून गेले. ते उठणारे लोक, पाठमोरे, डोळे पुसायला निघालेले. मांडवाच्या कनातीवर पडलेल्या त्यांच्या सावल्या आणि त्या सावल्यांच्या हातातले ग्लास. दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“सर, कुछ कहना था आपको?” रेणूताईंनी जरा घाबरूनच विचारलं. “नाम के बारे में कुछ? फोन पे आपकी बेटी ने बताया था कि आप शायद...”

“हां,” दौलतराव घसा साफ करत म्हणाले. “नाम के बारे में। निखारे नहीं है। नि-खा-डे. डे. डमरूवाला. मेहनत से लिखा है, तो नाम सीधा बोलो।”

गार्डसाहेब पोटावरची जाळी सोडवत मधेच म्हणाले, “निखाड़े! बस अतके? मैं तो सोचत रहेंव मोर कूलर के नउकरी गिस।” दौलतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग न राहवून त्यांची खस हातानं चाचपून पाहिली. भिलाईतल्याच सुपेल्याच्या बाजारातली होती. चांगली दाट.

परतताना स्कूटरवर ते एकटेच घर्रर्र करत होते. पावर हाउस चौकातल्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. “इंजिन में आवाज आ रहा है क्या, काका?” दुर्गाबाई म्हणाल्या, “इंजिनमधी नाई, बाप्पा. माणसातच हाये.”

दुसऱ्या दिवशी भूमिका चहा घेत होती, तेव्हा दौलतरावांनी अगदी सहज विषय काढला. “मले त्यायचा कूलर पाह्यजे.”

“कोणता कूलर?”

“बोलनारा. मराठीत आणाचा हाये. मले विचारा लागते का त्यायले?”

भूमिकानं कप खाली ठेवला. “नाही. त्यांनी पण मोकळंच ठेवलंय, तुमच्याच अटीनं. घ्या. फक्त त्यांचं नाव द्यायचं, आणि तुमचं नवीन नाटक पण तसंच मोकळं ठेवायचं.”

दौलतराव बसले आणि लिहायला लागले. गंमत अशी, की आपल्याच नाटकात दुसऱ्याचं पात्र बसवताना त्यांना आपली जुनी वाक्यं परक्यासारखी दिसू लागली. काही खुडली. काही दुर्गाबाईंना वाचून दाखवली, आणि त्या ज्यावर गप्प राहिल्या ती मुकाट्यानं काढून टाकली. ज्यावर त्या “असं नाई बोलत कोणी” म्हणाल्या, तिथे “मंग कसं बोलते?” असं विचारून त्या सांगतील तसं उतरवून घेतलं. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, ‘लेखन: दौलतराव आणि दुर्गा निखाडे. कूलरचं पात्र व वीज जाण्याचा प्रवेश: रेणू साहू यांच्या छत्तीसगढी रूपांतरातून.’ दुर्गाबाईंनी ते वाचलं, आणि त्या दिवशी जेवणात वडाभात झाला, तोही सणवार नसताना.

खरी अडचण आली ती मंडळाच्या बैठकीत. पंजाबरावांनी हस्तपत्रिकेचा मजकूर वाचला आणि चष्मा काढला. “दौलतराव, गणपतीतलं मराठी नाटक अन् नाव चरोद्याच्या बाईचं? आपल्या मंडळात हे कधी झालं नाई.”

“मंग आता होईल. कूलर तिचा हाये.”

“तुमीच त मले स्वल्पविराम बदलू देत नव्हते! अन् माहं भाषण कुठं गेलं?”

तेच खरं दुखणं होतं. पंजाबरावांनी भाषणासाठी आयुष्यभर आवाज जपला होता. दही खाल्लं नव्हतं. दौलतरावांना हे कळत होतं. पूर्वी कुणी त्या भाषणाला हात लावला असता तर त्यांनी पडदाच पाडला असता. ते म्हणाले, “भाषण ठेवू. पुरं तीन पानं. पण त्या वक्ती कूलर चालू राहीन.”

“कूलर कोन करून राहिला?”

“मी.”

गणपतीत प्रयोग झाला. दौलतरावांना चारी बाजूंनी खस बांधली, पोटाला जाळी लावली. रेणूताई आणि गार्डसाहेब पुढच्या रांगेत होते. नाटक रंगलं. झरोक्यातल्या चहाड्यांना मराठी कमी कळणारी पोरंसुद्धा लोळायला आली, कारण कूलर चहाडी करता करता अर्धा हिंदीत घसरायचा. तो कुठे घसरावा हे संहितेत लिहिलेलं नव्हतं. दौलतराव ऐनवेळी घसरत होते.

मग पंजाबराव मधोमध उभे राहिले. पांढरा सदरा, भरदार आवाज. “मित्रहो, स्वावलंबन म्हणजे काय?” मागच्या रांगेतला एक जण सवयीनं उठलाच. तेवढ्यात कूलर सुरू झाला. “घर्रर्रर्र.” पंजाबरावांनी आवाज चढवला. कूलरनं वेग वाढवला. पंजाबराव एकेक शब्द ओरडू लागले. कूलर खडखडू लागला, थरथरू लागला, चौकटीसकट पुढे सरकू लागला. ‘स्वावलंबन’ या शब्दाचं फक्त ‘बन’ ऐकू येत होतं. उठलेला माणूस परत बसला. लोक पोटं धरत होते. स्वतःचीच तीन पानं, एकेक अनुस्वार लावून लिहिलेली, दौलतराव स्वतःच्या घशानं बुडवत होते. ते लिहिताना मिळालं नव्हतं एवढं सुख त्यांना आत्ता मिळत होतं. शेवटी पंजाबरावांनाच हसू आवरेना. भाषण दुसऱ्या पानावर सोडून त्यांनी कूलरच्या कानशिलात एक ठेवून दिली, आणि वीज गेली.

हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलेलं आहे. नेटवरच्या नव्या प्रतीत ‘कानशिलात: पंजाबराव यांची भर’ अशी टीप आहे, पंजाबराव ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. रेणूताईंनी ती कानशिलात छत्तीसगढीत नेली. राजनांदगावच्या मंडळींनी न विचारता नाटक केलं, दोन दुकानांचं, आणि नंतर फोटो पाठवला. दौलतरावांनी तो बराच वेळ पाहिला आणि एवढंच लिहून पाठवलं, ‘खस कमी बांधली. बाकी झकास.’

हल्ली शनिवारी दौलतराव आणि दुर्गाबाई चरोद्याला जातात. तिथे सगळ्यांनी मिळून एक नवं नाटक लिहायला घेतलंय, एका बकरीबद्दल, जी मालगाडीत चुकून चढते आणि दुर्ग शहरातल्या मोहन नगरात एका वकिलाच्या अंगणात उतरते. लेखक किती ते अजून कुणालाच माहीत नाही. मागच्या शनिवारी बकरीनं कोणत्या भाषेत बोलावं यावरून वाद झाला. गार्डसाहेब म्हणाले, छत्तीसगढीत. गाडी इथली, बकरी इथली. रेणूताई म्हणाल्या, वकिलासमोर हिंदीत. दुर्गाबाई म्हणाल्या, बकरी बाईमाणूस आहे, जिथे जाईल तिथली बोली उचलेल.

दौलतराव ताडकन उभे राहिले. “बकरी मराठीतच बोलन! म्या तिले नागपुराकडल्या उमरेडची लिवलं हाये!”

“त आमी तिले बालोदची लिहि देबो,” गार्डसाहेब इकडचंच एक गाव काढून शांतपणे म्हणाले आणि शेंगदाण्याची पुडी त्यांच्यापुढे केली. दौलतरावांनी मूठभर शेंगदाणे घेतले आणि तोंडात टाकता टाकताच पुढचं कारण द्यायला सुरुवात केली.